मारबतीच्या डोक्यावरचे केस

आज भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, पोळ्याचा दुसरा दिवस. स्थळ मध्यप्रदेशातील सौंसर, बाजारामागची गल्ली. या दिवशी, या स्थळी, बांबू, पेंढा आणि एक फाटके लुगडे यांनी बांधलेल्या पुतळीच्या डोक्यावर बसून मी हे निवेदन करीत आहे. गल्लीतील निम्मी मुले गोटमार, म्हणजे नदीवरची दगडफेकीची जत्रा, पाहण्यासाठी पहाटेच पांढुर्ण्याला गेली. उरलेली निम्मी माझ्याभोवती उभी आहेत. थोड्याच वेळात ती ही पुतळी उचलतील, नाल्यापलीकडे नेतील आणि पेटवून देतील. पुतळीबरोबर मीही जळेन. म्हणून, मित्रांनो, मला जे सांगायचे आहे ते आताच सांगितले पाहिजे.

मी एक जुना टोप आहे. नट डोक्यावर चढवतात तो केसांचा टोप. ज्या काळी चित्रपट बोलत नव्हते, त्या काळी मी पडद्यावर राणी होतो, अप्सरा होतो, एकदा तर समुद्रातून वर येणारी लक्ष्मीही होतो. मला पाहून लोकांनी हात जोडले आहेत. तोच मी आज मारबतीच्या डोक्यावर आहे. ज्यांच्या गावी मारबत निघत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मारबत म्हणजे गावातला ताप, खोकला, भांडणतंटा, सगळी इडापिडा अंगावर घेऊन वेशीबाहेर जाणारी बाई. मुले तिला आरडाओरडा करून घालवतात आणि शेवटी जाळतात. तिच्या डोक्यावर बसल्याची मला लाज वाटत असेल, असा तुमचा समज होईल. तो चुकीचा आहे. जी दुसऱ्यांची पीडा स्वतःवर घेते, तिच्या डोक्यावर बसण्यात कमीपणा कसला? माझी लाज निराळी आहे, आणि तिचे वय माझ्याएवढेच आहे.

इतर टोप आपल्या जन्माची गोष्ट कारागिराच्या हातापासून सुरू करतात. मला तसे करता येत नाही. टोप होण्यापूर्वी मी केस होतो, आणि केस होतो तेव्हा एका बाईच्या डोक्यावर होतो. तिचे नाव पंचफुला.

पंचफुला रामाकोन्याची. लग्न होऊन सौंसरला आली तेव्हा तिची वेणी गुडघ्याला लागत असे. कापूस वेचणीच्या दिवसांत ती वावरातून परतली की माझ्यात जागोजागी कापसाचे पुंजके अडकलेले असत. मग सासू तिला ओसरीवर पुढ्यात बसवून एकेक पुंजका काढी आणि म्हणे, "सूनबाई, अर्धा कापूस त तू डोक्यातच घेऊन येतं! मालकाले सांगतो, तुह्या डोक्याचंही वजन कर म्हणून." पंचफुला हसे. हसली की मान हले, मान हलली की सासूच्या हातून मी निसटे, आणि दोघींचे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. आठवड्यातून एकदा रिठे, शिकेकाई आणि वर तिळाचे तेल. मी त्या काळी सुखी होतो. ते सुख आहे हे मला कळले नाही, कारण दुसरे काही मी पाहिलेच नव्हते.

पंचफुलेचे यजमान केशवराव. अंगाने सडपातळ, नाकाने तरतरीत, चालण्यात एक लय. गावाच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, ते बाईचे सोंग घेत आणि ते सोंग असे वठवीत की पुढे बसलेल्या बायकाच आपले पदर सावरून घेत. कोणीतरी त्यांना पुण्याकडच्या एका चित्रपट कंपनीत नेले. घरंदाज बायका कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत नसत, म्हणून कंपनीला असा नट हवाच होता. केशवराव तेथे नट झाले आणि पाहता पाहता रंगभूषाकारही झाले. त्या काळच्या फिल्मचा एक विचित्र स्वभाव होता. तिला तांबडा रंग काळा दिसे. ओठांना लाली लावली तर पडद्यावरची राणी डांबर प्यायल्यासारखी दिसे. केशवरावांनी पिवळ्या मातीत जस्ताची पांढरी भुकटी घोटून असा लेप तयार केला की प्रत्यक्षात कावीळ झाल्यासारखा दिसणारा चेहरा पडद्यावर चंद्रासारखा उजळ दिसावा. सगळी कंपनी त्यांच्यापुढे चेहरे घेऊन रांगेत बसू लागली.

अडचण एकच होती. त्यांच्या डोक्यावरचा टोप तागाचा होता. नाटकात तो चालून जात असे, कारण प्रेक्षक दूर असतो. कॅमेरा जवळ आला आणि ताग उघडा पडला. मालक म्हणाले, "केशव, चेहरा राणीचा आहे, केस मात्र खाटेच्या सुतळीचे आहेत. काहीतरी कर."

केशवराव रजा घेऊन सौंसरला आले.

दुपारची वेळ होती. सासू शेजारी गेली होती. पंचफुला परसात धुणे वाळत घालीत होती आणि मी तिच्या पाठीवर ओला, मोकळा पसरलो होतो. केशवराव बराच वेळ माझ्याकडे पाहत उभे राहिले. तिला वाटले, ते तिच्याकडे पाहत आहेत. ती लाजली.

"ऐकतं काय," ते म्हणाले, "तुह्ये केस पाह्यजेत."

"कापूस सरला काय वावरातला, आता केस वेचून राहिले?"

"मजाक नाही करून राहिलो. कंपनीत टोप लागते. खऱ्या केसाचा."

"मंग इकत घ्या ना, अजी. शहरात काय भेटत नाही?"

"असे भेटत नाहीत."

तिने हातातले लुगडे पिळले. त्यातून आणखी पाणी निघण्यासारखे नव्हते, तरी पिळत राहिली. मग म्हणाली, "अर्धे घ्या. अर्धे राहू द्या."

"अर्ध्यात राणी होत नाही."

"वाढतीन पुन्हा?"

"वाढतीन ना. संत्र्याची छाटणी करतो आपण, त झाड मरते काय?"

मित्रांनो, या संभाषणात कोणी कोणावर हात उगारला नाही. कोणाचा आवाज चढला नाही. विचारले गेले आणि होकार मिळाला. एवढ्यावरून कोणी म्हणेल की येथे अन्याय झालाच नाही. मी या मताचा नाही. ज्या प्रश्नाला नकार देण्याची सोयच नसते, तो प्रश्न नव्हे. ती आज्ञा असते, आणि गोड आवाजात दिल्याने ती बदलत नाही.

केशवरावांनी माझी घट्ट वेणी घातली. मुळाशी दोऱ्याचे पक्के वेढे दिले, कारण केसांची मुळाकडची बाजू आणि टोकाकडची बाजू उलटसुलट झाली तर टोप विंचरताच गुंता होतो. मग वेढ्यांच्या वर कात्री चालवली. काम नेटके झाले. एक केस इकडचा तिकडे झाला नाही. जेवढ्या काळजीने त्यांनी माझ्या दोन्ही बाजू सांभाळल्या, तेवढ्या काळजीने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिले असते, तर कदाचित मी आजही केसच राहिलो असतो. तिने दोन्ही हात मानेवर नेले, तेथे काही सापडले नाही, आणि तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. तो पदर तिने पुढे जन्मभर चारचौघांत मागे सारला नाही.

सासू परतली. तिने सुनेकडे पाहिले, मुलाच्या हातातील वेणीकडे पाहिले आणि भिंतीला टेकून बसली. संध्याकाळी ती गल्लीत सांगून आली की सुनेचा ताप डोक्यात गेला, म्हणून वैद्याने केस काढायला लावले. शेजारणी कडुलिंबाचा पाला आणि सल्ले घेऊन आल्या. पंचफुला धडधाकट असूनही तिला अंथरुणावर पडून राहावे लागले.

"उतरला का वं ताप?" एकीने विचारले.

"उतरला," पंचफुला म्हणाली.

"जाऊ दे बाई. जीवापरीस केस मोठे थोडेच?"

पंचफुलेने भिंतीकडे तोंड केले. केशवराव आतल्या खोलीत मला पाण्यात खळबळून सुकवीत होते. मी सगळे ऐकत होतो.

पुढे बारीक जाळीच्या टोपीवर, आकड्याच्या सुईने, एकेक केस गाठ मारून केशवरावांनी मला विणले. त्या कामात ते तहानभूक विसरत. त्यांच्या कौशल्याबद्दल मी एक उणा शब्द बोलणार नाही. तो खोटा ठरेल. कपाळाच्या कडेला गाठी इतक्या विरळ घातल्या होत्या की केस कातडीतूनच उगवले आहेत असे वाटावे. डिंकाने मला कपाळाला चिकटवायचे, त्या कडेवर पिवळा लेप चढवायचा, आणि मग आरसाही फसे. स्टुडिओला छप्पर नव्हते. वर पांढरे कापड ताणून उन्हातच चित्रीकरण चाले. पहिल्या दिवशी केशवराव त्या उन्हात आले, मान वळवली, आणि मी त्यांच्या पाठीवरून गुडघ्यापर्यंत उलगडलो. कॅमेरावाला हँडल फिरवायचे विसरला.

त्या चित्रापासून केशवरावांचे नाव झाले. त्यांच्या छबीची कार्डे दुकानांतून विकली जाऊ लागली. स्त्रिया ती कार्डे आरशाला खोचून ठेवीत, आणि मुली माझ्यासारखी वेणी घालण्याचा हट्ट धरीत. कंपनीत पाहुणे आले की विचारीत, "टोप कुठून आणलात?" केशवराव उत्तर देत, "स्वतः बनवला आहे." वाक्य खरे होते. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. खऱ्या वाक्याने किती मोठी गोष्ट झाकता येते, हे मी तेथे शिकलो. प्रत्येक स्तुतीबरोबर माझी लाज एका पदराने वाढत गेली. ज्याला चोरलेले दागिने घालून मिरवावे लागते, त्याने निदान चोराला शिव्या द्याव्यात. मला तेही शक्य नव्हते, कारण मी दागिने घातलेला नव्हतो, मीच दागिना होतो.

असा काही काळ गेला आणि कंपनीचे ते चित्र घेऊन एक फिरता तंबू पांढुर्ण्याच्या बाजाराला आला. तंबूवाल्याने केशवरावांना मुद्दाम बोलावून घेतले. चित्र सुरू होण्यापूर्वी त्यांनी राणीच्या वेषात पडद्यापुढे उभे राहायचे, म्हणजे आपल्याच मुलुखाचा नट पाहायला गर्दी लोटेल. गर्दी लोटलीच. तिगाव, सावरगाव, कुठून कुठून बैलगाड्या आल्या. सौंसरची गाडीही आली. तिच्यात सासू होती आणि पदर कपाळापर्यंत ओढलेली पंचफुला होती.

बायकांची बैठक पडद्याच्या पायाशी, जमिनीवर होती. केशवराव पुढे आले, वळले, मी उलगडलो. मग बायकांची कुजबुज सुरू झाली. मी इतका जवळ होतो की मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"अवं माय, केस पाय! केस म्हनतं का काय हे!"

"एवढ्या केसाले तेल किती लागत असन वं?"

"राजा घानीच बांधून देत असन दारात."

हशा पिकला. मग त्यांतली एक पंचफुलेकडे वळली. ती तिला ओळखत नव्हती. सहज, मायेने म्हणाली, "तुह्या डोक्यावर असते ना असे, त तू बी राणीच दिसली असती बाई. नाक-डोळे त तुह्ये हायेतच."

"दिसली असती," पंचफुला म्हणाली.

सासूने तोंडात पदर कोंबला. केशवरावांनीही ते ऐकले असणार, कारण माझ्याखाली त्यांचे डोके एकदम तापले. पण प्रेक्षक टाळ्या पिटीत होते, आणि नटाने टाळ्यांकडे पाहायचे असते. ते हसले. मी त्यांच्या हसण्याबरोबर हललो. ज्यांना वाटते की निर्जीव वस्तूला लाजेने मरावेसे वाटत नाही, त्यांना मी त्या तंबूत नेऊ इच्छितो.

केशवराव त्याच गाडीने घरी आले. पंचफुलेने त्यांना पाणी दिले आणि म्हणाली, "एक डाव हात लावू द्या मले."

त्यांनी मला तिच्या मांडीवर ठेवले. तिने बोटे फिरवली. ज्या बोटांनी मला लहानाचे मोठे केले होते, ती बोटे मला लगेच ओळखू आली. मी मात्र तिला ओळखू आलो की नाही, याची मला शंका आहे. मी डिंकाने राठ झालो होतो.

"तेल नाही लावत काय यायले?"

"तेलानं डिंक धरत नाही."

"म्हनून कोरडे पडले." ती बराच वेळ मला चोळीत राहिली. "मी म्हनलं, तिकडे गेले त सुखात असतीन."

केशवराव खाली पाहत होते. मला वाटले, आता ते क्षमा मागतील. त्यांचे ओठ तसे हललेही. पण मित्रांनो, ते मला दाखवायला घरी आलेच नव्हते. रोजच्या डिंकाने माझी कपाळाची कड झडली होती आणि पुढचे चित्र उभे राहत होते.

"समोरचे विरळ झाले," ते म्हणाले. "तुह्ये आता खांद्याखाली आले असतीन ना?"

पंचफुलेने त्यांच्याकडे पाहिले. मग मला बाजूला ठेवले, पदर काढला आणि पाठ करून बसली. या वेळी तिने "अर्धे" हा शब्द उच्चारला नाही.

त्यानंतर मूकपट असेपर्यंत हे असेच चालले. केस वाढले की केशवराव येत. केस कापले की जात. गावातील बायका म्हणत, पंचफुलेचा ताप मोठा हट्टी आहे, धनी आला की उलटतो.

मग चित्रपट बोलू लागला. केशवराव राणीच्या वेषात माइकसमोर उभे राहिले आणि दासीला म्हणाले, "मी येऊन राहिली." सगळा स्टुडिओ हसला. त्यांनी जिभेला पुष्कळ वळण लावून पाहिले. जिभेने सौंसर सोडले नाही. शिवाय आता खऱ्या स्त्रिया पडद्यावर येऊ लागल्या होत्या, आणि त्यांना स्वतःचे केस होते. केशवरावांचा अभिनय तेथे संपला. रंगभूषा मात्र संपली नाही. तिच्यावर त्यांनी पुढचे आयुष्य काढले. नवे दिवे आले, नवी फिल्म आली. तिला तांबडा तांबडाच कळू लागला. पिवळा लेप गेला. केशवरावांनी सगळे नव्याने शिकून घेतले. मी त्यांच्या पेटीत राहून मिळेल त्या डोक्यावर चढलो: नर्तकीच्या, भिकारणीच्या, एकदा विहिरीतून काढलेल्या प्रेताच्याही. प्रेताचे काम मला बरे वाटले. तेथे कोणी माझी स्तुती केली नाही.

हात थरथरू लागले तेव्हा केशवराव कायमचे घरी परतले. पंचफुला दारात उभी होती. वाऱ्याने पदर जरा सरकला आणि त्यांना दिसले की तिचे केस एखाद्या मुलाइतके बारीक कापलेले आहेत.

"आता काहून कापून राहिली?" त्यांनी विचारले. "आता त कोनाले पाह्यजे नाहीत."

"वाढवले त पुन्हा कोनी मागन," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मग त्यांनी मला पेटीत घातले, पेटी माळ्यावर चढवली, आणि पुन्हा कधी तिच्याकडे मान वर करून पाहिले नाही. उभा जन्म लोकांचे चेहरे रंगवलेला हा माणूस त्या घरात आरशासमोर बसत नसे. दाढीला न्हावी येई. दोघांपैकी आधी तेच गेले.

पंचफुलेच्या म्हातारपणी घरात नातसून आली. तिचे नाव शोभा. रोज सकाळी ती म्हातारीच्या त्या बारीक केसांना तेल लावी. एकदा तिने विचारले, "आजी, तुमचे केस वाढतच नाहीत काय वो?" म्हातारीने तिला सगळे सांगितले, जन्मात एकदाच, एकटीलाच. आणि शेवटी म्हणाली, "माह्ये केस माळ्यावर पेटीत हायेत. पेटी उघडजो नोको बाई. मले पाहवनार नाही." शोभाने शब्द पाळला. पंचफुला गेल्यानंतरही पाळला. तिने मला कधी पाहिले नाही. मी तिचा आवाज मात्र माळ्यावरून रोज ऐकत आलो आहे. आता तीही म्हातारी झाली आहे.

गेल्या आठवड्यात घराच्या छपराचे टिन बदलायला काढले. शोभाचा नातू अंकुश माळ्यावर चढला, पेटी खाली आणली आणि कुलूप फोडले. त्याला यातले काहीच ठाऊक नाही, म्हणून मी त्याला दोष देत नाही. त्याला जुना, मळका, धुळीने भरलेला टोप दिसला, आणि मारबतीला केस हवेच होते. आज सकाळी त्याने मला पुतळीचे डोके म्हणून बसवलेल्या मडक्यावर सुतळीने बांधले आणि बाजारातून आणलेल्या लालीने तिचे ओठ रंगवले. केशवराव असते तर कळवळले असते.

"अंकुश्या," त्याचा मित्र दिलीप आता म्हणतो आहे, "ही मारबत हाय का हिरोईन बे? हिले पाहून रोगराई पळन का पोट्टे मांगं लागतीन?"

"तू लाग मांगं. तुले तशीही दुसरी कोन भेटून राहिली?"

"फोटो काढ, फोटो काढ. केस समोर घे जरासे."

पाहा, मित्रांनो, अजूनही केसच पुढे घ्यायचे आहेत. माझ्या आयुष्यात काहीच बदलले नाही.

वेळ थोडा आहे, म्हणून माझी विनंती सांगून टाकतो. जुन्या वस्तू जपा, असे सर्व जुन्या वस्तू तुम्हांला सांगतात. मी तसे सांगणार नाही. मला वर्षानुवर्षे उत्तम जपण्यात आले. कंपनीत काम नसताना मला ऊन लागू देत नसत, धूळ बसू देत नसत. त्या जपण्याने माझी लाज कमी झाली नाही. माझे मागणे इतकेच आहे: एखादी सुंदर वस्तू पाहून तुमच्या तोंडून "वा" निघाले, तर ती कोणी बनवली एवढे विचारून थांबू नका. ती कोणाच्या अंगावरून उतरली, हेही विचारा. मला हा प्रश्न कोणी विचारला नाही. मी टोप, मला तोंड नाही. ज्यांना तोंड होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. आता मला जाळले तरी माझी तक्रार नाही. एकच गोष्ट डाचते. ज्या बाईने कोणाचे काही बिघडवले नाही, तिचा उरलेला एवढाच भाग गावाची पीडा म्हणून जळेल, आणि ओरडणाऱ्यांत तिचाच वंशज पुढे असेल.

मुलांनी पुतळी उचलली आहे. "खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" असा ओरडा सुरू झाला आहे. आम्ही अंकुशच्या घरावरून चाललो आहोत. शोभा दारात आली आहे. तिच्या मागे अंगणात ती पेटी पालथी पडली आहे. तिने पेटीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

"अंकुश, पेटी कोनं उघडली?"

"म्या, आजी. टिन बदलाचे होते ना. टोप भेटला अंदर, नाटकातला."

"काढ तो."

"आजी, आता निघालो ना आमी! जुना नकली टोप हाय तो."

"नकली तुह्या खापरपणज्याचं राणीपन होतं. केस असली हायेत." ती पायरी उतरून खाली आली. "माह्या आजीसासूचे. पंचफुलाचे. जित्या बाईच्या डोक्यावरून कापून नेले होते, अन् ताप आला म्हनून सांगतलं गावात. काढ म्हनतो ना!"

ओरडा थांबला. मागच्या मुलांना काही कळले नाही. पुढच्यांनी त्यांना कोपराने गप्प केले. अंकुशने पुतळी खाली टेकवली. त्याच्या बोटांना गाठ सुटेना. शोभाने त्याचा हात बाजूला सारला, स्वतः सुतळी सोडली आणि मला पदरात घेऊन पायरीवर बसली.

"तेलाची शिशी आन आतून," ती म्हणाली.

अंकुशने शिशी आणली. तिने तळहातावर तेल ओतले आणि माझ्यावरून हात फिरवला. आता डिंक धरण्याचा प्रश्न उरला नव्हता. शतकानंतर मला तेल लागले, आणि ते लागताना मला पहिल्यांदाच कोणी त्या बाईच्या नावाने हाक मारलेली होती. लाज गेली असे मी म्हणणार नाही. ती वाटून घ्यायला कोणी आले, एवढे खरे.

मुले ताटकळत होती. मारबतीचे मडके उन्हात उघडे पडले होते, ओठांवर लाली तेवढी उरली होती. शेवटी दिलीपच हळूच म्हणाला, "मंग आता काय करू, आजी? मारबत बोडकीच न्याची काय? लोक हासतीन ना."

शोभाने मान वर केली नाही. माझ्यातला एक गुंता ती बोटांनी सोडवीत होती.

"बोडकीच न्या," ती म्हणाली. "आमची आजी जनमभर तशीच राह्यली, कोनाचं काही अडलं नाही."